मदत हवी आहे: काउंटीवार घरटी उत्पन्न, आकड्यांचा मेळ बसेना

रेवाकाठ
सोमवारी द्यायचं आहे म्हणून थोडक्यात लिहिते. अमेरिकेतल्या एका राज्याच्या सगळ्या काउंटींचं (तिकडचे जिल्हे) घरटी उत्पन्न दाखवणारा नकाशा करायचा आहे. सेन्ससच्या (तिकडच्या जनगणना खात्याच्या) साइटवरून एक टेबल घेतलं, बीईएवरून (सरकारी अर्थविश्लेषण खातं) दुसरं. एकात १३३ ओळी, दुसऱ्यात बऱ्याच कमी. फेअरफॅक्स दोनदा येतं आणि व्हीलूकअप (एक्सेलचं शोधून जुळवणारं फंक्शन) भलतंच काहीतरी उचलतो. त्यावर कडी म्हणजे एका रकान्यात काही ठिकाणी उणे ६६ कोटी! सरासरी काढली तर अख्खं राज्य दिवाळखोर. कृपया उपाय सांगा, उपदेश नको.

आकडेमोड्या
राज्य कोणतं? साल? एक वर्षाचे अंदाज की पाच वर्षांचे? बीईएचा आकडा माणशी आहे की घरटी? यातलं काहीच न सांगता ‘मेळ बसेना’ म्हटलं तर आम्ही काय कुंडली मांडायची?
१३३ आणि फेअरफॅक्स म्हणजे व्हर्जिनिया धरतो.

रेवाकाठ
हो, व्हर्जिनियाच. तेवढं कळण्यासारखं होतं की. पाच वर्षांचं, २०१८–२०२२.

आकडेमोड्या
मग ऐका. व्हर्जिनियात ९५ काउंटी आणि ३८ स्वतंत्र शहरं आहेत. ही शहरं कुठल्याच काउंटीत मोडत नाहीत, म्हणून १३३. फेअरफॅक्स काउंटीचा फिप्स (प्रत्येक जागेचा पाच अंकी सरकारी कोड) ५१०५९, फेअरफॅक्स शहराचा ५१६००. रिचमंड (५११५९ आणि ५१७६०), रोअनोक, फ्रँकलिन इथंही तोच घोळ. रिचमंड काउंटी तर रिचमंड शहराला लागूनसुद्धा नाही. म्हणून नावावरून जोडू नका. सेन्ससच्या जिओ-आयडी रकान्यातले शेवटचे पाच अंक राइट फंक्शनने काढा. ते टेक्स्ट म्हणून येतात, त्यामुळे दुसऱ्या तक्त्यातला फिप्सही टेक्स्ट करून घ्या, नाहीतर एकही ओळ जुळणार नाही. आणि व्हीलूकअपच्या शेवटी फॉल्स घाला. तो भाग लिहिलाच नाही की तो ‘जवळपासचा’ आकडा उचलतो.
२०१३ पूर्वीचा डेटा घेतलात तर बेडफर्ड शहर (५१५१५) वेगळं दिसेल. ते नंतर बेडफर्ड काउंटीत गेलं.

सांडगी_मिरची
बीईएच्या ओळी कमी आहेत कारण ते लहान शहरं लगतच्या काउंटीत मिळवतात. फेअरफॅक्स काउंटी, फेअरफॅक्स शहर आणि फॉल्स चर्च मिळून एकच ओळ, कोड ५१९१९. शार्लट्सव्हिल आल्बेमार्लमध्ये, ५१९०१. पण मुळात तो आकडा या नकाशात घेऊच नका. ते माणशी सरासरी उत्पन्न आहे आणि त्यात मालकाने भरलेला आरोग्यविमा, पेन्शनचा वाटा, मेडिकेअर-मेडिकेडचे लाभ सगळं धरतात. एसीएसच्या (सेन्ससची पाहणी, तुमचं पहिलं टेबल) घरटी मध्यकात (उत्पन्नाच्या क्रमात मधोमध येणाऱ्या घराचा आकडा) यातलं काही नसतं.

दादरकर_परदेशी
असहमत. बीईएच उत्तम. मध्यक म्हणजे वरच्यांचा पैसा लपवायची सोय. एकूण किती पैसा त्या भागात येतो हे सरासरीच सांगते.

सांडगी_मिरची
अहो, ताईंनी ‘घरटी’ विचारलंय. चार श्रीमंतांनी काउंटीत घरं घेतली की तुमची सरासरी वर उडते आणि मधल्या घराच्या पगारात फुटक्या कवडीचा फरक पडत नाही. सरासरी हवीच असेल तर एसीएसमध्येच बी १९०२५ या टेबलातल्या सगळ्या घरांच्या एकूण उत्पन्नाला बी ११००१ मधल्या घरसंख्येने भागा. निदान उत्पन्नाची व्याख्या तरी एकच राहील.

खलबत्ता
एवढा खटाटोप कशाला? साइपी (लहान भागांच्या उत्पन्नाचे अंदाज) घ्या. सेन्ससचंच आहे, मॉडेलवर बेतलेलं; सगळ्या १३३ जागांचा एकाच वर्षाचा मध्यक मिळतो. एसीएसचा एक वर्षाचा आकडा ६५,००० वस्तीच्या खाली मिळतच नाही. २०२० च्या वस्तीनुसार हायलँड काउंटीत २,२३२ माणसं, तिथे काय करणार?

रेवाकाठ
साइपीत एशियन घरांचं वेगळं मिळेल का? तोच मुख्य रकाना आहे.

खलबत्ता
नाही. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

आकडेमोड्या
म्हणजे बी १९०१३ डी, एशियन घरांच्या मध्यकाचं टेबल. उणे ६६ कोटी ६६ लाख ६६ हजार ६६६ हे उत्पन्न नाही, खूण आहे: नमुन्यात घरं इतकी थोडी की मध्यक काढता आला नाही. ते सगळे रकाने रिकामे करा. शून्य घालू नका, शून्यही सरासरीत शिरतं. नकाशात राखाडी रंग द्या.
आणि मध्यकांची सरासरी काढायचीच नाही. राज्यासाठी राज्याची ओळ तयार असते. दोन-तीन काउंटी एकत्र करायच्या तर बी १९००१ चे (कुठल्या उत्पन्नात किती घरं) १६ गट बेरजेला घ्या. समजा एकूण घरं १,००,०००. दीड लाख डॉलरपर्यंत ४४,०००. दीड ते दोन लाखांच्या गटात १५,०००. पन्नास हजारावं, म्हणजे मधलं, घर गाठायला अजून ६,००० हवीत. १,५०,००० + (६,००० ÷ १५,०००) × ५०,००० = १,७०,००० डॉलर. मात्र शेवटचा गट ‘दोन लाख व त्यावर’ असा उघडा आहे, मध्यक त्यात गेला की ही रीत संपली.

चकलीभाजणी
जरा अवांतर: लाउडनमध्ये घर घ्यायचं आहे, ॲशबर्न बरं की स्टर्लिंग?

सांडगी_मिरची
@चकलीभाजणी, वेगळा धागा काढा.
रेवाताई, चुकीची मर्यादा (आकडा किती चुकू शकतो ते, त्यापुढचं ±) पाहिल्याशिवाय क्रमवारी लावू नका. समजा एक शहर ८२,००० ± ६,५०० आणि दुसरी काउंटी ७५,५०० ± ५,२००. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा: सुमारे ८,३२४. फरक फक्त ६,५००. ९० टक्के खात्रीच्या पातळीवर पहिलं वर आहे असं म्हणता येत नाही. नॉर्टनसारख्या लहान शहरांत हे हमखास होणार, एशियन रकान्यात तर सर्रास.
रॅडफर्ड, लेक्झिंग्टन, शार्लट्सव्हिल इथे विद्यार्थीही बघा. वसतिगृहातले ‘घर’ धरत नाहीत, पण बाहेर खोली घेऊन राहणारे धरतात आणि मध्यक खाली ओढतात.

दादरकर_परदेशी
राहणीमानाचा खर्च वजा केला का? अर्लिंग्टनचं घरभाडं आणि वाइज काउंटीचं भाडं एक आहे का?

खलबत्ता
बीईएचे प्रादेशिक किंमत निर्देशांक राज्य आणि महानगर पातळीवर आहेत, काउंटीचे नाहीत. महानगराचा निर्देशांक लावला तर अर्लिंग्टन आणि फेअरफॅक्स दोन्हीला एकच भाजक. त्या दोघांचा क्रम बदलणार नाही.

उंबरठा_९
आपल्याकडे जिल्हावार असं मिळतं का?

सांडगी_मिरची
महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत दरडोई जिल्हा उत्पन्न असतं, पण ते जिल्ह्यात झालेल्या उत्पादनावरून काढतात. घरात आलेला पैसा नव्हे. मुंबई-ठाण्यात रोज ये-जा करणाऱ्यांमुळे दोन्हींत बराच फरक पडतो.

रेवाकाठ
फॉल्स घातल्यावर जुळलं. उणे कोटी काढले. आता वाढ दाखवायला २०१७–२०२१ चं टेबल शेजारी लावते.

आकडेमोड्या
थांबा. त्या दोन टेबलांत चार वर्षं सामाईक आहेत. २०१३–२०१७ घ्या. ते आकडे २०१७ च्या डॉलरमध्ये आहेत, आधी महागाई लावून २०२२ वर आणा, मगच वजाबाकी करा.