सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चढतंय का उतरतंय? (सोसायटीचा ग्रुप, संध्याकाळी 6 नंतर)

ए-104: दुपारी ज्यांनी ग्राफ टाकला त्यांनी कृपया एकदा खाली यावे. "पाणी ओसरायला लागलं" वाचून मी गाडी विश्रामबागेतनं परत आणली. आता वॉचमन म्हणतोय दुपारपेक्षा चढलंय. नक्की कुणाचं ऐकायचं?

सी-302: काका, आकडे पुलावरचेच आहेत. मी फक्त एक्सेलमध्ये भरले. 12 वाजता 38.9, 2 वाजता 38.10. रेघ खाली आली म्हणून लिहिलं. 6 चा आकडा घातला तरी खालीच आहे.

बी-201: पार्किंगमधल्या दुचाकी रॅम्पवर घ्या. लिफ्टची मोटार बंद करा. 2019 विसरलात काय?

ए-304: आलमट्टी धरणातून विसर्ग वाढवल्याशिवाय काही होत नाही, लिहून ठेवा.

ए-104: आलमट्टीचं राहू द्या ओ, माझी गाडी पार्किंगमध्ये आहे!

बी-402 (सर): जरा थांबा. तो आकडा 38 फूट 10 इंच आहे ना? मग 38.10 कसं लिहिलंत?

सी-302: फूट पॉइंट इंच, सर. सगळे असंच लिहितात की.

बी-402 (सर): माणसं वाचतात हो, एक्सेल नाही वाचत. त्याच्या लेखी 38.10 म्हणजे 38.1, म्हणजे 38.9 पेक्षा कमी. प्रत्यक्षात पाणी एक इंच चढलं आणि तुमच्या ग्राफात पाऊण फुटाच्या वर उतरलं. फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत.

ए-203 वहिनी: 😂😂 एक्सेलनं एकट्यानंच पूर ओसरवला!

सी-302: वहिनी, चूक झाली, मान्य. पण दिवसभर कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांनी 👍 टाकले. ए-104 काकांनीपण.

ए-104: मी वाचून टाकला नव्हता.

बी-201: दुचाकी रॅम्पवर. लिफ्टची मोटार. परत परत सांगायला लावू नका.

बी-402 (सर): सगळं इंचात करा, भानगडच नको. मी केलंय:
सकाळी 6 – 452
8 – 459
9 – 462
दुपारी 12 – 465
2 – 466
संध्याकाळी 6 – 467
इशारा पातळी 40 फूट म्हणजे 480. अजून 13 इंच. धोका पातळी 45 फूट, म्हणजे 540.

ए-304: सर, तुमच्या हिशेबानं 2019 ला किती झालं असतं? 57 फुटांच्या वर गेलतं.

बी-402 (सर): 57 गुणिले 12, 684. आणि त्याच्या वर.

ए-203 वहिनी: पार्किंगच्या खांबावर लाल ऑइलपेंटची रेघ आहे बघा त्या वर्षाची. माझ्या डोक्याच्याही वर आहे. तिला ग्राफ लागत नाही.

बी-402 (सर): आणखी एक. सहाही वेळा सारख्या अंतरावर मांडल्यात. 6 ते 8 दोन तास, 8 ते 9 एकच तास, 2 ते 6 चक्क चार तास. सारखं अंतर दिलं की 8 नंतर वेग एकदम निम्म्याच्या खाली आल्यासारखा दिसतो. खरं तर ताशी साडेतीन इंचावरनं तीनवर आलाय. आलेख कागदावर काढा. आडवं 1 सेंमी म्हणजे 1 तास, उभं 1 सेंमी म्हणजे 2 इंच, 450 पासून.

ए-304: आणि उभी रेघ शून्यापासून सुरू पाहिजे ना? शाळेत तसंच शिकवलंय. 450 पासून सुरू करून लोकांना घाबरवायचं!

बी-402 (सर): स्तंभालेखाला शून्य पाहिजे, तिथं उंचीच आकडा सांगते. इथं रेघ आहे. शून्यापासून काढली तर दिवसभरातला सव्वा फूट दिसणारच नाही. 450 ते 480 घ्या, खाली तसं लिहा, आणि 480 वर लाल रेघ मारा.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा. गणिताचा तास उद्या.

बी-402 (सर): साहेब, हे सोसायटीचंच काम आहे. मेंटेनन्सचा तक्तापण तुम्ही असाच काढता, पण त्यावर आत्ता बोलत नाही.

सेक्रेटरी: काय बोलायचंय ते मीटिंगमध्ये बोला. मीटिंगला तर येत नाही.

बी-201: दुचाकी. रॅम्प. मोटार.

सी-302: (फोटो) सर, पोराच्या भूमितीच्या वहीतल्या आलेख कागदावर पेन्सिलीनं काढलाय. सकाळी रेघ उभी चढत्येय, दुपारनंतर आडवी पडत चाललीय. पण खाली कुठंच वळलेली नाही. माफ करा काका.

बी-402 (सर): आता दिसतंय. टिंबं जरा ठळक करा.

ए-104: म्हणजे गाडी राहू दे का?

ए-203 वहिनी: आमचे हे पुलावर गेलेत, 8 चा आकडा सांगतील.

ए-203 वहिनी: 39.1 म्हणालेत.

बी-402 (सर): फूट-इंच की दशांश?

सी-302: सर, या वेळी फरक पाव इंचाचापण नाही. 469 धरतो.

बी-402 (सर): धरा. पण बघा, आधी चार तासांत एक इंच होता. आता दोनच तासांत दोन.

सी-302: (फोटो) रेघ परत उभी व्हायला लागली.

ए-104: निघालो विश्रामबागेला. बी-201, तुमची स्कूटर माझ्या गाडीमागं लावलीय, तेवढी काढा.