विषय: सात माणसं, व्हीलचेअर आणि मोठी व्हॅन

कँटनहून

नमस्कार मंडळी,

इथे मिशिगनमध्ये आमच्या घरात आता सात माणसं आहेत. आम्ही दोघं, तीन मुलं (धाकटी दोघं अजून कारसीटमध्ये) आणि या वर्षापासून इथे कायमचे राहायला आलेले सासू-सासरे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे घडीची व्हीलचेअर सतत बरोबर लागते. मिनिव्हॅनमध्ये सातजण बसतो, पण बसल्यावर मागे किराण्याच्या पिशव्या जेमतेम मावतात. मग देवळात जायचं तरी दोन गाड्या काढायच्या, आणि सासूबाई दर वेळी नातवंडांपासून वेगळ्या गाडीत. त्यांना ते फार लागतं, मलाही लागतं.

म्हणून पूर्ण आकाराची व्हॅन घ्यायचं मनात आहे. २०१६ची बारा सीटची, मधल्या उंचीच्या टपाची फोर्ड ट्रान्झिट पाहून ठेवली आहे. रोज मलाच चालवायची आहे. कोणाकडे अशी गाडी असेल तर कृपया सांगा: हिवाळ्यात कशी चालते, देखभालीचं काय, आणि घेण्याआधी काय तपासून घेऊ?

आपली,
स.

---

नोव्हायहून

स. ताई, नमस्कार.

आमच्याकडे ट्रान्झिटच आहे आणि मी ती विकणार नाही. आम्ही सहाजण, शिवाय उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच. सगळे एका गाडीत बसून मॅकिनॉला जातो, वाटेत मुलं आजीकडून गोष्टी ऐकतात. दोन गाड्यांत हे होत नाही.

आधी उंची मोजा. मधल्या टपाची ट्रान्झिट आठ फुटांच्या वर जाते आणि घरच्या गॅरेजचं दार बहुतेक सात फुटांचं असतं. म्हणजे गाडी बारा महिने बाहेर उभी राहणार. डाउनटाउनमधल्या बहुतेक पार्किंग इमारती बंद, नेहमीचं कार वॉश बंद. ट्रक धुतात तिथे जावं लागतं. मिशिगनमध्ये हे महत्त्वाचं आहे, कारण रस्त्यावरचं मीठ हिवाळाभर गाडीच्या पोटाला चिकटून राहतं. थंडी जरा उतरली की आम्ही खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून घेतो.

ट्रान्झिटला सरकतं दार एकच, फुटपाथच्या बाजूला. मुलं रस्त्याच्या बाजूला उतरतच नाहीत, हे मला फार बरं वाटतं. पण पायरी उंच आहे. तुमच्या सासूबाईंसाठी खाली एक रुंद जादा पायरी आणि दाराशी धरायला दांडा बसवून घ्या. आमच्या आईला तेवढ्यानं पुरतं.

कारसीटचं विशेष सांगतो. सगळ्या सीटना लॅचचे, म्हणजे कारसीट खालून अडकवायचे, हूक नसतात. कारसीटचा वरचा पट्टा अडकवायची कडीही सगळीकडे नसते. घेण्याआधी तुमच्याच कारसीट नेऊन, तुम्ही जिथे मुलांना बसवणार तिथे लावून पाहा. मूल आणि कारसीट मिळून ६५ पौंडांच्या वर गेलं की खालचे हूक सोडून सीटबेल्टनंच बांधायचं असतं. पुढे तोंड केलेल्या कारसीटला वरचा पट्टा मात्र हवाच, म्हणून ती कडी कुठे आहे त्यावरून घरातलं कोण कुठे बसणार ते ठरतं.

हिवाळ्यासाठी चारही चाकांना स्नो टायर. २०१६च्या गाडीत जोर मागच्या चाकांवर असतो. चारही चाकांवर जोर देणारी ट्रान्झिट २०२०पासून मिळते. रिकामी व्हॅन बर्फात मागून हलकी पडते, भरलेली उलट बरी धरून चालते. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. पहिल्यांदा सापडत नाही, म्हणून सांगितलं. पेट्रोल गावात गॅलनला १३-१४ मैल, हायवेवर १७-१८. ते धरूनच हिशोब करा.

— नि.

---

लिव्होनियाहून

ताई, शेव्हरोले एक्सप्रेसचाही विचार करा. १९९६पासून मूळ आराखडा तोच असल्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात आणि कुठल्याही मेकॅनिकला ती उघडता येते. पुढे बसणाऱ्याच्या पायाशी इंजिनाचा उंचवटा येतो, तेवढी अडचण. जुनी घेणार असाल तर लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका: ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या हीटरकडे जाणारे पाइप. मोठ्या व्हॅनमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, थेट मागच्या हीटरपर्यंत नेलेलं असतं, ते पाइप गाडीच्या पोटाखालून जातात आणि मिठानं कुजतात. आधी बारीक गळती लागते, मग एखाद्या जानेवारीत मागे बसलेली मुलं कुडकुडतात आणि पुढे इंजिन तापतं.

— प्र.

---

ट्रॉयहून

सर्वांना नमस्कार.

स., तुझं पत्र वाचलं. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या ब्रेक आणि चाकांच्या कामात झाली, म्हणून थोडं लांबण लावतो. वरच्या पत्रांतलं सगळं बरोबर आहे. पण या गाडीबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट अजून कोणी सांगितलेली नाही. ही गाडी रिकामी चालवून पाहिली तर तिची ओळख होत नाही. माणसं आणि सामान भरलं की ती वेगळी गाडी होते, आणि तुझं कुटुंब त्या वेगळ्या गाडीत बसणार आहे.

मोठ्या व्हॅनमध्ये शेवटचा बाक मागच्या ॲक्सलच्या जवळ किंवा त्याच्याही मागे येतो. तिथे माणसं बसली, त्यांच्यामागे बॅगा रचल्या, की वजनाचा मध्य मागे सरकतो आणि वरही जातो. पुढची चाकं किंचित हलकी होतात, मागच्या टायरांवर प्रमाणाबाहेर भार येतो. अशा वेळी अचानक स्टिअरिंग फिरवलं, समोर हरीण आलं म्हणून, तर मागची बाजू घसरून गाडी आडवी होते आणि उलटते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएचटीएसएनं, २००१ साली पंधरा सीटच्या व्हॅनबद्दल इशारा दिला होता: दहा किंवा अधिक माणसं असताना गाडी उलटण्याचं प्रमाण कमी माणसं असतानापेक्षा जवळजवळ तिप्पट होतं. त्यानंतर २०१२च्या मॉडेलपासून घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था हलक्या गाड्यांना सक्तीची झाली. तुझ्या २०१६च्या गाडीत ती आहे, म्हणून मी तुला नको म्हणत नाही. एक्सप्रेस पाहणार असशील तर मात्र २०१२च्या आधीची पाहू नकोस. आणि ही व्यवस्था असली तरी खराब टायरला ती काही करू शकत नाही.

तेव्हा टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पांढरं-पिवळं स्टिकर असतं. त्यावर टायरचा आकार, पुढच्या-मागच्या हवेचा दाब आणि माणसं व सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे लिहिलेलं असतं. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेव. मग टायरवरचा आकडा वाच. ट्रान्झिटला २३५/६५ आर १६ मापाचा, शेवटी 'सी' असलेला टायर लागतो, त्याचा भारांक १२१. म्हणजे एक टायर १४५० किलो पेलतो. त्याच मापाचा साध्या गाडीचा टायर १०३ भारांकाचाही मिळतो, तो ८७५ किलोच पेलतो. दिसायला दोन्ही सारखे, रिमवर बसतात सारखे, दुसरा स्वस्त. जुन्या व्हॅनला पैसे वाचवायला असे टायर चढवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते निभावतात. तुम्ही सातजण, व्हीलचेअर आणि ट्रिपचं सामान घेऊन जुलैच्या उन्हात आय-७५ हायवेला लागलात की असा टायर तापून फुटतो.

टायरचं वयही वाच. DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायरवरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. स्टेपनीचा आकडा हमखास वाच, कारण स्टेपनी कोणी बदलत नाही. ती मागे खालच्या बाजूला तारेच्या दोरावर टांगलेली असते. आपल्याकडे तो दोर गंजून जाम होतो. वर्षातून एकदा खाली उतरवून, ग्रीस लावून परत वर घे.

हवा दर महिन्याला थंड टायरमध्ये मोज. मागच्या टायरांना पुढच्यांपेक्षा जास्त लागते, सगळीकडे एकच दाब भरणाऱ्या दुकानदाराला तसं बजावून सांग. पारा दहा अंश फॅरनहाइट उतरला की साध्या गाडीत हवेचा दाब एक पीएसआय कमी होतो, या गाडीच्या जास्त दाबाला दीडच्या घरात. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही. पेट्रोल पंपावरचा पंप एवढ्या दाबाला कधीकधी पोचतच नाही, म्हणून घरी चांगला कॉम्प्रेसर ठेव.

तुम्ही सातच आहात, तर शेवटचा बाक काढून टाका. जड आहे, दोन माणसं लागतील. मग सामान मागच्या ॲक्सलच्या पुढे, खाली, बाकांना टेकून लाव आणि पट्ट्यांनी बांध. व्हीलचेअरही बांधायची, मोकळी राहिली तर ब्रेक लागल्यावर ती कोणाच्या तरी पाठीत येईल. टपावर काहीही नको. वारं असलं की उंच गाडीला ते जाणवतंच. मॅकिनॉ ब्रिजवर वारा वाढला की उंच गाड्यांना थांबवून, सोबत देऊन, ताशी २० मैलांनी पलीकडे नेतात. तिथे घाई करायची नाही.

शेवटचं. २०१७ साली फोर्डनं २०१५ ते २०१७च्या सुमारे ४ लाख ट्रान्झिट दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं, म्हणजे ड्राइव्हशाफ्टचं, लवचीक कपलिंग (जोड) तडकण्याची शक्यता होती. तू पाहिलेल्या गाडीचं ते काम झालंय का, हे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हिन नंबर (ओळख क्रमांक) टाकून फुकट कळतं. घेण्याआधी पाहून घे.

आशीर्वाद,
काका

---

मंडळाच्या कार्यकारिणीकडून

नमस्कार. चर्चा वाचून एक सुचलं. गणपतीत आपल्या ज्येष्ठांना घरून आणायला-पोचवायला नेहमी अडचण होते. ज्यांच्याकडे अशा व्हॅन आहेत त्यांनी त्या दोन दिवसांसाठी दिल्या तर मंडळ पेट्रोलचा खर्च देईल. कळवावे.

---

ट्रॉयहून

कार्यकारिणीस नमस्कार. हेतू फार चांगला आहे, तरी अशी घाई करू नये. घरची माणसं नेणं वेगळं आणि संस्थेसाठी माणसं नेणं वेगळं. कॅलिफोर्नियात चालक धरून दहापेक्षा जास्त माणसांसाठी बनवलेली गाडी ना-नफा संस्थेनं वापरली की कायद्यानं ती बस ठरते, आणि तिला परवानाही तसाच लागतो. आपल्या राज्यासाठी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाला (गाड्यांचे परवाने तेच पाहतं) लेखी विचारावं, आणि गाडीमालकानं आपल्या विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं. पेट्रोलचे पैसे घेतल्यानं विम्यात फरक पडतो का, हाही प्रश्न त्यात असू द्या. अपघात झाला तर ऐंशी वर्षांच्या माणसाच्या उपचाराचा खर्च कोण देणार, हे आधी कागदावर हवं. तोपर्यंत मंडळानं चालकासकट छोटी बस भाड्यानं घ्यावी. त्यासाठी लागेल तेवढी वर्गणी मी देतो.

— काका

---

कँटनहून

काका, नि. दादा, प्र. दादा, मनापासून आभार.

शनिवारी सगळं घर घेऊन गाडी पाहायला गेलो. कारसीट लावून पाहिल्या. दुसऱ्या ओळीत दोन्ही नीट बसल्या आणि वरच्या पट्ट्याच्या कड्याही तिथेच निघाल्या. सासरे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. काकांचं पत्र मी त्यांना आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं, त्यामुळे विक्रेता बोलत होता तेव्हा ते टॉर्च घेऊन खाली वाकून टायर वाचत होते. पुढचे दोन १२१चे, मागचे दोन १०३चे. ज्या चाकांवर भार जास्त, तिथेच हलके टायर. स्टेपनी गाडीबरोबरची मूळचीच. विक्रेत्यानं आधी हसण्यावारी नेलं. सासऱ्यांनी त्याला दाराजवळ नेऊन स्टिकर दाखवलं, मग त्यानं किमतीतून पाच टायरांचे पैसे कमी केले. कपलिंगचं काम झालेलं आहे. मेकॅनिकनं लिफ्टवर चढवून पाहिली, मागच्या हीटरचे पाइप चांगले आहेत, ब्रेकची एक नळी बदलावी लागली.

गाडी घेतली. पाचही टायर बदलून मगच घरी आणली, आणि शेवटचा बाक काढून गॅरेजमध्ये ठेवला. दर महिन्याची हवा आता सासरेच पाहणार आहेत. वही घातली आहे, त्यात तारीख, बाहेरचं तापमान आणि चारही चाकांचा दाब. सासूबाई तिसऱ्या ओळीत, दोघी नातींच्या मागेच बसतात.

नि. दादा, ती रुंद पायरी आणि दांडा कुठून बसवून घेतलात ते कळवाल का? सध्या लाकडी पाट ठेवून त्यांना चढवतो आहोत, पण बर्फ पडायच्या आत ते काम करून घ्यायचं आहे.

आपली,
स.