एचआरटी (पाळी जाण्याच्या काळातली हार्मोन्सची ट्रीटमेंट) कुणी घेतली आहे का?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. वय 51, पाळी थांबून 14 महिने झाले. रात्री दोन-तीनदा घामाने गाऊन ओलाचिंब. मी पंखा पाचवर करते, नवरा गोधडी ओढतो. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल आणि झोपताना प्रोजेस्टेरॉनची गोळी सुचवली आहे. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, अस्तर जाड होऊन कॅन्सरचा धोका वाढतो, एवढं समजलं. जेलने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तोंडी गोळ्यांपेक्षा कमी, असंही त्या म्हणाल्या. पण सख्ख्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे सांगायचं मी विसरलेच! घरात असा इतिहास असताना कुणी सुरू केली का? आधी कोणत्या तपासण्या केल्या? सासूबाई म्हणतात शतावरी घे. घेतेय, पण घाम काही ऐकत नाही.