हात आधी मागे येतो आणि चटका नंतर कळतो, मग मेंदू नेमकं काय करतो?

जिज्ञासू_०७: गरम भांड्याला बोट लागलं की हात झटकन मागे येतो आणि भाजल्याचं त्यानंतर जाणवतं. शाळेत शिकवलं की ही प्रतिक्षिप्त क्रिया (रिफ्लेक्स), मेरुरज्जूतून होते, मेंदूचा संबंध नाही. पण मग तेच भांडं हातात भरलेलं असेल तर आपण चटके बसत असताना दात-ओठ खाऊन खाली नीट ठेवतोच ना, टाकून देत नाही. मेंदूचा संबंधच नसेल तर हे जमतं कसं? आणि अचानक अंगावर आलेला बॉल पकडणं, हा पण रिफ्लेक्सच का?

चेतातंतू: 'मेंदूचा संबंध नाही' हे अर्धंच खरं आहे. बोटातून निघालेला सिग्नल मेरुरज्जूत शिरतो, तिथे मधल्या चेतापेशींकडून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींकडे जातो आणि हात मागे येतो, एवढ्यापुरती मेंदूची परवानगी लागत नाही. पण तोच सिग्नल वर मेंदूकडेही जात असतो. त्यातही वेदना दोन वेगांनी जाते बघा, टोचल्यासारखी पहिली कळ सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने आणि मागून येणारी आग-आग जेमतेम २ मीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे बोटापासून मानेपर्यंत १ मीटर धरलं तरी तिला अर्धा सेकंद सहज लागतो. तोवर हात कधीच बाजूला झालेला असतो.

आता तुमचं भांडं. मेंदूकडून मेरुरज्जूत खाली येणारे तंतू त्या मधल्या पेशींना ब्रेक लावू शकतात, आणि भांडं गरम आहे हे आधीच माहीत असलं की तो ब्रेक आधीच लागलेला असतो. बेसावध असताना मात्र तेवढा वेळच मिळत नाही.

संध्याछाया: बॉलचं मी सांगते. तो रिफ्लेक्स नाही, लोक बोलताना म्हणतात तेवढंच. बॉल दिसणं, तो कुठे येणार याचा अंदाज आणि हात हलवणं हे सगळं मेंदूतून जातं, साधं काहीतरी दिसल्यावर बटण दाबायलासुद्धा माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. सराव करून अंदाज लवकर बांधता येतो म्हणून ते आपोआप झाल्यासारखं वाटतं. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते तो मात्र खरा रिफ्लेक्स, पण तो मेंदूतूनच जातो, मेरुरज्जूतून नाही, हे पुस्तकात ठळक लिहायला हवं खरंतर.

जिज्ञासू_०७: ब्रेकचं पटलं, पण तो खरंच असतो हे कळलं कसं?

चेतातंतू: मेरुरज्जूला वर कुठेतरी गंभीर इजा झालेल्या माणसांकडे बघून. सुरुवातीचा काही काळ इजेच्या खालचे रिफ्लेक्स बंदच पडतात, आणि नंतर परत येतात ते बऱ्याचदा नेहमीपेक्षा जोरात, कारण वरून येणारा लगाम तुटलेला असतो. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात ते यासाठीही, पाय जास्तच उडाला तर बिघाड वरच्या मार्गात असू शकतो आणि अजिबात नाही उडाला तर बहुधा पायाच्या नसेमध्ये किंवा मेरुरज्जूच्या खालच्या भागात. रिफ्लेक्स कमी-जास्त होऊ शकतो हे घरी बघायचं असेल तर पाय लोंबकळत ठेवून बसा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला तरी गुडघ्याच्या वाटीखाली हलकंच मारायला सांगा. पाय एरवीपेक्षा जास्त उडतो.