मदत हवी आहे: तलावातला गाळ काढताना चित्रबलाकांची घरटी कशी वाचवायची?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या बॅकवॉटरपासून जवळच. पाझर तलावात पाण्यातच बाभळी उभ्या आहेत आणि त्यांवर चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क, करकोच्याच्या जातीचा मोठा पाणपक्षी), राखी बगळे घरटी करतात. भादलवाडीचा तलाव पाहिलेल्यांना कल्पना येईल.

यंदा ग्रामपंचायत गाळ काढणार आहे. गाळ आम्हा शेतकऱ्यांना हवाच आहे, मीही ट्रॉल्या भरणार. अडचण वेळेची आहे. तलाव आटल्याशिवाय पोकलेन उतरत नाही, म्हणजे एप्रिल-मे. आणि तेव्हाच घरट्यांत पिल्लं असतात. अंडी उबवायला महिना, पिल्लू उडायला पुढे दोनेक महिने.

झाडाखाली पाणी आहे तोवर कुत्री, मांजरं, मुंगूस खोडापर्यंत जात नाहीत. एका वर्षी पाणी लवकर हटलं. घरट्यातून पडलेलं पिल्लू भेगाळलेल्या चिखलात पंख पसरून उभं होतं, वर आई चोच वाजवत होती, आणि कुत्रं बांधावरून सरळ चालत आलं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

दुसरी बाब चाऱ्याची. चित्रबलाक अर्धी उघडी चोच पाण्यात घालून चालतो, मासा लागला की मिटतो. म्हणजे त्याला पाय टेकतील एवढंच पाणी लागतं. उजनी ओसरते तशी काठच्या डबक्यांत मासळी दाटते, त्यावर पिल्लं वाढतात. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यातही पावसानं ओढ दिली की चित्रबलाकांची वीण फसते. आमचा तलाव सगळीकडे सारखा खोल आणि उभ्या कडांचा झाला, तर जवळचा उथळ काठ कायमचा जाईल.

म्हणून विचारतोय. बाभळींखालची माती तशीच ठेवून भोवती खोल चर काढला, तर उन्हाळ्यात तेवढं पाणी टिकेल का? मुळांपासून किती अंतर सोडावं? यंदा फक्त लांबच्या टोकाचा गाळ काढायचा म्हटलं, तर यंत्र किती दूर असलं म्हणजे पक्षी घरटी सोडत नाहीत? विष्ठेनं काही झाडं वाळत चालली आहेत. त्यांच्या जागी देशी बाभूळच लावावी, की पाण्यात तगणारं दुसरं काही आहे?

होळीनंतर ग्रामसभा आहे. असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया त्याआधी लिहा. तलावाचा नकाशा आणि झाडांचे फोटो लगेच टाकतो.