आयोवा (अमेरिका): वीज-गॅस बिलात ५ टक्के फ्रँचाइज फी

प्रश्न: आमच्या शहरात वीज आणि गॅसवर ५ टक्के फ्रँचाइज फी (तारा-पाइप टाकायच्या परवान्यापोटी शहर कंपनीकडून घेतं, कंपनी ती आपल्या बिलात लावते) लागतेय. वीज महिना १२० डॉलर, गॅस ८०. म्हणजे सरळ १० डॉलरचा फटका?

उत्तर १: पूर्ण १० नाही. फी लागली की वीज-गॅसवरचा १ टक्का लोकल ऑप्शन सेल्स टॅक्स (स्थानिक विक्रीकर) कायद्याने उठतो. तो आज बिलात असेल तर २ डॉलर वजा, निव्वळ वाढ ८. फी आणि हा टॅक्स, दोन्ही ओळी एकाच बिलात दिसल्या तर कंपनीला लगेच फोन करा.

उत्तर २: पण कोर्टाने ही फी बेकायदा ठरवली होती ना?

उत्तर ३: आयोवातल्या डे मॉइन शहराच्या खटल्यात, २००६ साली. कंपनीवरच्या देखरेखीसाठी शहराला येणाऱ्या खर्चाहून जास्त घेतलं तर तो छुपा कर, असं कोर्टाचं म्हणणं. मग २००९ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला, ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली. पैसा कशावर खर्च होणार याचं निवेदन शहराला मंजूर करावं लागतं; ते सिटी क्लार्ककडे (शहराची कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी) मागा. बहुतेक जण ते वाचतच नाहीत.

हद्दीलगत राहत असाल तर आणखी एक. पत्त्यात शहराचं नाव असलं तरी घर हद्दीबाहेर असू शकतं, मग ही शहराची फी तुम्हाला लागू नाही. काउंटी असेसरच्या (मालमत्तांचं मूल्य नोंदवणारा अधिकारी) साइटवर टॅक्स डिस्ट्रिक्ट, म्हणजे घर कोणत्या कर-हद्दीत येतं ते, बघा आणि तो पुरावा देऊन कंपनीकडून नोंद दुरुस्त करून घ्या.