युट्यूबवर आहे म्हणजे जपलंय असं नाही

कोणीतरी म्हणालंय की जुनी मेक्सिकन गाणी युट्यूबवर पडलीच आहेत, मग आर्काइव्हवर एवढा खर्च कशाला. अहो पण ती एकदा डिलीट झाली की शोधणार कुठे? क्रिस स्ट्राखविट्झ, आर्हूली रेकॉर्ड्स या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक, मूळचा जर्मन बरं का, त्याने टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या संगीताच्या तबकड्या आयुष्यभर जमवल्या आणि त्यातूनच फ्रोंतेरा कलेक्शन हा जुन्या मेक्सिकन तबकड्यांचा संग्रह उभा राहिला. डिजिटायझेशनला मोठा पैसा आला तो लोस तिग्रेस देल नोर्ते या बँडच्या फंडातून, त्यांनी २००० साली यूसीएलएला (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ५ लाख डॉलर दिले. आपल्याकडे कुठला हिट बँड असं करेल सांगा!

आणि नुसता आवाज वाचवून भागत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात, त्यामुळे ग्रेगोरिओ कोर्तेस या माणसाची गोष्ट सांगणारा कोरिदो (मेक्सिकन पोवाड्यासारखं कथागीत) १९२९ मध्ये दोन बाजूंवर तोडून रेकॉर्ड केलाय, पहिली बाजू संपली की गोष्ट अर्धवट लटकलेली, उठा, तबकडी उलटा, पुढचं ऐका. आता कोणी एकच बाजू अपलोड केली, लेबलचा फोटो नाही, तबकडीचा नंबर नाही, तर दुसरा भाग आहे हेच कळणार नाही ना.